वढ्याला पाणी आलंय : नाशिकची एक शाळाबाह्य सहल

निघायच्या आदल्या दिवशी चौथीच्या पोरांनी माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी कोंबली. मधल्या सुट्टीत चौघांनी मिळून लिहिलेली, चार वेगवेगळ्या अक्षरांत. प्रश्न असे :

१. गोदावरीला पूर आला की नाशिकच्या शाळंला सुट्टी असती का?
२. नोटा छापतात तिथल्या लोकांचा पगार तिथल्याच नोटांनी देतात का?
३. द्राक्ष झाडाला लागतं का वेलाला?
४. बाई परत येणार का?

चौथ्या प्रश्नामागे इतिहास आहे. माझ्याआधीच्या बाई ‘ट्रेनिंगला जाते’ म्हणून गेल्या आणि त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली. तेव्हापासून आमच्या गावात ट्रेनिंग या शब्दावर कुणाचा विश्वास नाही.

शाळा पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. पहिली ते चौथी, द्विशिक्षकी, पोरं एकोणीस. मोबाईलला रेंज हवी तर टेकाडावरच्या खडकावर उभं राहायचं. २०१६ मध्ये लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेतला. देणगीदारांची नावं व्हरांड्यातल्या भिंतीवर ऑइल पेंटने रंगवली. ती अजून ठणठणीत आहेत. प्रोजेक्टरचा दिवा तिसऱ्या वर्षी गेला. नवा दिवा घ्यायचा तर निम्म्या प्रोजेक्टरचे पैसे पडत होते आणि दिव्यासाठी वर्गणी मागायला कुणी तयार नव्हतं. दिव्यावर नाव कुठे रंगवणार? प्रोजेक्टरच्या खोक्यात आता खिचडीचे चमचे राहतात.

त्यामुळे नाशिकला शैक्षणिक तंत्रज्ञानाची परिषद आहे, जिल्ह्यातून दोघांनी जायचंय, असं ग्रुपवर आलं तेव्हा मी हात वर केला तो एकाच प्रश्नासाठी. बिघडलं की पैसे कोण भरतं?

गुरुवार : कराड ते नाशिक

कराड ते पुणे, मग वाकडेवाडीहून नाशिकची गाडी. २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. बरोबरचे सर, आमच्याच केंद्रातले, पूर्ण तिकीट काढताना दरवेळी माझ्याकडे असं बघत की जणू ती सवलत मीच मंजूर केली.

नारायणगावच्या अलीकडे सरांनी खिडकीतून बोट दाखवलं. आत खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आसपासच्या परिसरात पसरलेल्या. ही जागा निवडण्याचं एक कारण म्हणजे इथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी. सर म्हणाले, “मॅडम, रेंज नसणं ही पण एक पात्रता असते बघा. आपली शाळा त्यांनी बघितली नव्हती म्हणून, नाहीतर दुर्बीण आपल्याकडे असती.” पुढे संगमनेरपर्यंत ते स्वतःच्याच विनोदावर खूश होते.

सिन्नर सोडल्यावर खिडकी बंद करावी लागली. जानेवारीचा तिसरा आठवडा. आमच्याकडे कोयनेच्या बाजूला थंडी असते, पण ती ओलसर. इथली कोरडी, नाकातून सरळ मेंदूत जाणारी. शेजारच्या सीटवर नाशिकरोडच्या एक आजी होत्या, मांडीवर कोथिंबिरीची जुडी. नाशिकरोड आलं तसं त्या म्हणाल्या, “ही प्रेस.” सिक्युरिटी प्रेस १९२५ची, नोटांची प्रेस त्यानंतर तीन वर्षांनी आलेली. आजींचे यजमान तिथूनच निवृत्त झालेले. मी लगेच चिठ्ठी काढली आणि प्रश्न क्रमांक दोन विचारला. आजी एवढ्या हसल्या की कोथिंबीर खाली पडली. “अहो ताई, पगार बँकेत होतो! दिवसभर नोटा बघून बघून आमच्या ह्यांना पैशाचं काही वाटायचंच नाही. बाजारात गेले की घासाघीस करायचे नाहीत. मला जावं लागायचं.”

एक उत्तर मिळालं. परिषद सुरू व्हायच्या आधीच.

(रेल्वेने येणार असाल तर लक्षात ठेवा, नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक नव्हे. जुनं शहर तिथून नऊ-दहा किलोमीटर आत आहे. पुण्याहून एसटीने आलात तर मुक्काम कुठे आहे ते कंडक्टरला आधीच सांगा. द्वारका चौकात उतरायचं की शेवटपर्यंत जायचं, यावर रिक्षाचे बरेच पैसे वाचतात. कुंभमेळा २०२७चा असल्यामुळे रस्त्यांची कामं चालू आहेत, तेव्हा अर्धा तास हाताशी जास्त ठेवा.)

मुक्काम पंचवटीतल्या एका साध्या लॉजवर. महिला शिक्षकांना दोघी-दोघींची खोली. माझ्या वाट्याला पेठ तालुक्यातल्या एक मॅडम आल्या. खोलीत पाऊल ठेवलं तर त्यांनी कपड्याच्या पुरचुंडीतून भाकरी काढली आणि म्हणाल्या, “घ्या, नागलीची आहे.” मी म्हटलं, “ही तर नाचणी!” मग अर्धा तास आम्ही शब्दच मोजत बसलो. त्यांच्या शाळेतली मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. पहिलीचं पुस्तक त्यांना परकं वाटतं. मॅडमनी पहिले तीन महिने चित्रांखाली मुलांच्या बोलीतला शब्द आधी आणि पुस्तकातला नंतर अशी कार्डं केली आहेत, पुठ्ठ्याची. तंत्रज्ञानाच्या परिषदेला त्या पुठ्ठ्याची कार्डं घेऊन आल्या होत्या. मला त्या तिथेच आवडल्या.

शुक्रवार : दुतोंड्या मारुती आणि विजेची समई

सहाला उठून दोघी रामकुंडावर गेलो. गंगेवर धुकं. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गोदाकाठ म्हणजे ‘गंगेवर’. चहावाल्याच्या शेगडीभोवती शालीत गुंडाळलेली माणसं. रामकुंडात एवढ्या थंडीतही लोक डुबक्या मारत होते, त्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या.

मला दुतोंड्या मारुती बघायचा होता. नदीपात्रातच उभा, दोन्ही दिशांना तोंड. नाशिकचा पूर याच्यावरून मोजतात. चहावाले काका सांगत होते, “पाणी गुडघ्याला लागलं म्हणजे दुकानं आवरायला घ्यायची. कमरेला लागलं की माल वर. छातीला लागलं की आपणच वर.” पेपरात आणि टीव्हीवर आकडे येतात, धरणातून इतके क्युसेक सोडले वगैरे, पण गंगेवरच्या माणसाला विचाराल तर तो मारुतीचंच माप सांगतो. मी चिठ्ठी काढून पहिला प्रश्न विचारला. काका म्हणाले, “सुट्टी असते की. पण पोरं घरी बसत नाहीत, पूर बघायला इथंच येतात.”

आमच्या ओढ्यालाही असाच एक मारुती आहे, म्हणजे जांभळीचं झाड. त्याच्या दुसऱ्या फांदीला पाणी टेकलं की पलीकडच्या वाडीतली सात पोरं शाळेत येत नाहीत. पट एकोणीसवरून बारावर. हजेरीपत्रकात मात्र ‘जांभळीची फांदी’ असा रकाना नाही.

परतताना काळाराम मंदिरापाशी थांबलो. काळ्या दगडाचं, सकाळच्या उन्हात निळसर दिसणारं. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला. आम्ही हा धडा दरवर्षी शिकवतो. दरवाजा प्रत्यक्षात केवढा आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. त्याच्या मानाने मी वर्गात हात फारच कमी पसरत होते.

मग परिषद. गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयाचं सभागृह. दहाची वेळ, साडेअकराला सुरुवात, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उद्घाटनाला विजेची समई होती. प्रमुख पाहुण्यांनी टॅबला बोट लावलं की पाचही वाती पेटणार. बोट लावलं. पुन्हा लावलं. अंगठा लावून पाहिला. शेवटी मागून कुणीतरी खरी समई आणली आणि काडेपेटीसाठी शोधाशोध सुरू झाली. सातशे शिक्षकांच्या सभागृहात काडेपेटी निघेना, आणि ती शेवटी स्वयंपाक्याकडून आली. टाळ्या मात्र मनापासून पडल्या.

सकाळची भाषणं पटकन सांगते, कारण ती कुठेही ऐकायला मिळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०, कृत्रिम बुद्धिमत्ता, भविष्यातला वर्ग. पडद्यावरच्या प्रत्येक चित्रात मुलं स्वच्छ, गोरी आणि चष्म्याच्या जागी काहीतरी चमकणारं लावलेली. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव तीन वक्त्यांनी घेतलं. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं काम आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार. रास्तच आहे. पण माझ्या शेजारच्या धुळ्याच्या सरांचं म्हणणंही खोटं नव्हतं : “कोड पुस्तकात आहे, मोबाईल बापाच्या खिशात आहे आणि बाप ऊसतोडीला गेलाय.”

जेवणानंतर पेठच्या मॅडमचं सादरीकरण होतं. वीस मिनिटं दिली होती, प्रत्यक्षात बारा मिळाली. त्यांनी कार्डं दाखवली आणि मग पर्समधून साबणाच्या वडीएवढी डबी काढली. रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक, मोबाईलच्या चार्जरवर चालणारा. त्यात कोलिब्री नावाची मोफत प्रणाली. मॅडम महिन्यातून एकदा तालुक्याच्या गावी जातात, तिथे धडे, चित्रफिती, पुस्तकं उतरवून घेतात आणि शाळेत डबी चालू करतात. डबीतूनच वाय-फाय निघतं. जुने मोबाईल, टॅब त्याला जोडायचे, इंटरनेट लागतच नाही. फेट नावाचे विज्ञानाचे खेळ आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ मध्ये सुरू केलेले. त्यातले बरेच मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवायही चालतात. मॅडमच्या वर्गातला एक मुलगा त्यातली विजेची जोडणी करता करता घरचा टॉर्च खोलून बसला. “दुरुस्त केला का?” मागून कुणीतरी विचारलं. “नाही,” मॅडम म्हणाल्या, “पण का चालत नाही ते सांगितलं.”

मी माझा प्रश्न विचारला. डबी बिघडली तर? मॅडम म्हणाल्या, “तीनदा बिघडली. दोनदा मेमरी कार्ड गेलं. पैसे माझे.”

सभागृहात शांतता. सगळ्यांनाच ते उत्तर घरचं वाटलं असणार.

रात्री आम्ही तिघे बाहेर पडलो. थंडीत नाशिकचा उलटा वडापाव खावा. पावाच्या पोटात बटाट्याची भाजी भरतात आणि अख्खा पाव डाळीच्या पिठात बुडवून तळतात. सरांनी तीन खाल्ले आणि रात्रभर त्याची किंमत मोजली.

शनिवार : यंत्राने ऐकलेली मराठी

आधी सल्ला. अशा परिषदांना जात असाल तर कर्तव्यरजेचा आदेश लेखी घेऊन जा, ग्रुपवरचा अंगठा पुरत नाही. उपस्थितीचं प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी दुपारी देतात आणि नावात हमखास चूक असते, तेव्हा तिथेच दुरुस्त करून घ्या. स्टॉलवर गेलात की पहिलं वाक्य एकच : “तुमचं हे नेट बंद करून दाखवा.” निम्मे स्टॉल तिथेच गळतात. उरलेल्यांना दुसरं विचारा : दोन वर्षांनी बॅटरी बदलायची तर कितीला पडेल? मग उरतात ते दोन-तीन. त्यांच्याशीच बोला.

सकाळचं एक सत्र मात्र मी पूर्ण वहीत उतरवलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याच्या लेखी अठरा वर्षांखालचं प्रत्येकजण मूल आहे आणि मुलाची माहिती गोळा करायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती पाहिजे. आम्ही शिक्षक मुलांचे फोटो, आधार, रडतानाचे व्हिडिओ, सगळं ग्रुपवर टाकत असतो. उपक्रमाचे फोटो पाठवा, असं वरूनही येतं. वक्त्या बाई वकील होत्या. त्यांनी फक्त विचारलं, “तुमच्या फोनमध्ये आत्ता किती मुलांचे फोटो आहेत?” मी मोजायला लागले आणि थांबले.

दुपारी स्टॉल. एका छोट्या स्टॉलवर दोन तरुण पोरं बसली होती. बोलून प्रश्न विचारा, यंत्र मराठीत उत्तर देईल, असं त्यांचं काम. माझ्या फोनमध्ये जुलैतला एक आवाजी संदेश होता. वाडीतल्या एका पोराने बापाच्या फोनवरून टेकाडावर चढून पाठवलेला. मी तो पुसला नव्हता, कारण त्यात मागे पावसाचा आवाज फार छान आहे. मी तो त्यांच्या यंत्रासमोर धरला :

“बाई, वढ्याला पानी आलंया, आज न्हाई येत साळंत.”

पडद्यावर अक्षरं उमटली : ‘बाई, वड्याला पाणी आलंय, आज नाही येत सळत.’ आणि खाली उत्तर : ‘वड्याच्या सारणात पाणी राहिल्यास वडे तळताना फुटतात. बटाटे उकडल्यावर पूर्ण निथळून घ्यावेत.’ शिवाय बेसन किती सैल असावं, हेही.

आम्ही सगळे हसलो. सर तर रात्रीच्या वडापावामुळे पोट धरूनच उभे होते, त्यांची अवस्था बिकट झाली. पण त्या दोघांतला एक, निफाडकडचा, हसता हसता गप्प झाला. “मॅडम, आमची आज्जीपण ओढ्याला असंच काहीतरी म्हणायची,” तो म्हणाला. “याला शिकवलेली मराठी बातम्यांची आणि पुस्तकांची आहे. तुमच्या पोरांचे आवाज मिळाले तर…”

दोन तासांपूर्वी तो प्रश्न आला असता तर मी तिथल्या तिथे चाळीस रेकॉर्डिंग देऊन टाकली असती. आता म्हटलं, आवाज देणार नाही. पालकांना विचारल्याशिवाय तर नाहीच, आणि विचारून झाल्यावरही विचार करीन. मुळात तो एक संदेश तरी मी का ऐकवला, हे मला त्या क्षणी टोचलं. “शब्दांची यादी देते, माझ्या हातची,” मी म्हटलं. त्याने पत्ता लिहून दिला. पेठच्या मॅडम मागून म्हणाल्या, “माझी कार्डंपण फोटो काढून घ्या. नागली लिहा, नाचणी कंसात.”

संध्याकाळी द्राक्षं बघायला शहराबाहेर मखमलाबादच्या बाजूला गेलो. रिक्षावाल्या भाऊंच्या मेहुण्याची बाग. ओळीत मांडव, खाली गारवा, घड कागदात गुंडाळलेले. तर वेल. प्रश्न तीनचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलं, शिवाय वेलाला माणसाच्या उंचीचा मांडव लागतो हेही. मालक म्हणाले, “ताई, अजून साखर भरली नाही. पंधरा दिवसांनी आला असता तर.” थंडी वाढली की मण्यांना तडे जातात म्हणून पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की जणू देवाला दिवा लावतात. लवकर तयार झालेल्या तुकड्यातले दोन किलो त्यांनी दिले, पैसे घेतले ते नावाला.

रविवार : दहाव्या लेण्यातली मुदत ठेव

सकाळी आधी मिसळ. नाशिकची मिसळ मळ्यात जाऊन खायची पद्धत आहे, झाडाखाली, खाट वगैरे. रस्सा वेगळा, तर्री वेगळी, वर पापड, दही आणि शेवटी जिलबी. कोल्हापूर-साताऱ्याच्या माणसाने तिखटाबद्दल मत देऊ नये, भांडणं होतात. पण मिसळीबरोबर पापड ही कल्पना मी घरी घेऊन आले आहे.

मग पांडवलेणी. मुंबई रस्त्यावर शहरापासून आठेक किलोमीटर, पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारक. (ऊन चढायच्या आत जा, पायऱ्या दमवतात. पाणी खालूनच घ्या. तिकिटाला सुटे पैसे ठेवा, वर रेंज येते-जाते. माकडांपुढे पिशवी उघडू नका, आमची द्राक्षं थोडक्यात वाचली.) नाव पांडवांचं असलं तरी पांडवांचा संबंध नाही. ही चोवीस बौद्ध लेणी, डोंगर त्रिरश्मी.

तिसऱ्या लेण्यापाशी एक निवृत्त गुरुजी भेटले, इतिहासाचे. दर रविवारी चढतात, गुडघ्यासाठी. आम्ही शिक्षक आहोत कळल्यावर त्यांनी आम्हाला सोडलंच नाही. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, तिचा लेख दाखवला. मग म्हणाले, “चला, तुम्हाला पैशाचं काहीतरी दाखवतो,” आणि दहाव्या लेण्याच्या ओसरीत नेलं.

भिंतीवर ब्राह्मी अक्षरं, भाषा प्राकृत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्याचा लेख, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. गुरुजी बोटाने हवेत ओळी धरून सांगत होते. उषवदाताने लेणं दिलं, पण नुसतं लेणं दिलं नाही. तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून इथे वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण.

मी पर्समधली चिठ्ठी उलटी केली आणि तिथेच गणित मांडलं. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे दोनशे चाळीस. शिल्लक शून्य. ऑडिटवाला येऊन मान डोलावून गेला असता.

“गोवर्धन म्हणजे?” सरांनी विचारलं.

“आपलं गोवर्धन,” गुरुजी म्हणाले. “गंगापूर धरणाच्या रस्त्याला, मुक्त विद्यापीठ आहे ना, तिकडे.”

दोन दिवस मी वीसेक स्टॉलवर विचारत फिरले होते की बिघडलं तर पैसे कोण देणार. कुणी वॉरंटी म्हणालं, कुणी सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी, म्हणालं, एकजण म्हणाला मॅडम पॉझिटिव्ह राहा. आणि इथे एकाने दगडावर व्याजाचा दर कोरून ठेवला होता. त्याने दान भिंतीवर लिहिलं, ते तर आम्हीही लिहितो. पण आमच्या भिंतीवर प्रोजेक्टर आहे आणि दिवा नाही.

“यात गोम एकच,” खाली उतरताना गुरुजी म्हणाले. “श्रेणी टिकली तर ठेव टिकणार. विणकर गेले की संपलं.” हे त्यांनी एवढ्या सौम्यपणे सांगितलं की मला पायथ्याशी पोचल्यावर कळलं, त्यांनी माझा उत्साह निम्मा कापलाय.

त्र्यंबक राहिलं. गोदावरीचा उगम राहिला. स्मारकात डोकवायचं होतं, तेही राहिलं. चिवड्याचे पुडे मात्र घेतले. महामार्ग बसस्थानकावर पेठच्या मॅडम निरोप द्यायला आल्या आणि हातात दहा कोरी पुठ्ठ्याची कार्डं ठेवली. पुण्याला गाडीने तास-दीड तास उशीर केला, कराडला मध्यरात्र. द्राक्षांवर सर झोपले होते.

सोमवार : साळंत

सर्वांत आधी चौथ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, म्हणजे दारात उभी राहिले. मग बाकीची तीन. पगार बँकेत होतो, हे ऐकून पोरांची निराशा झाली. द्राक्षं एकोणीस जणांत वाटली, चेंगरलेली पहिलीला, कारण त्यांना फरक पडत नाही.

दुपारी ‘वड्याला पाणी’ सांगितलं. तो संदेश पाठवणारा पोरगा सगळ्यांत जास्त हसला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तुझा आवाज तुला न विचारता ऐकवला, चुकलं माझं. तो म्हणाला, “मग आता मी फेमस का?” शब्दांची यादी सुरू केली आहे. पहिल्या तासात एकसष्ट झाले, वढा, साळ, हितं, तितं, कालवण, वट्टा, वळचण. मागच्या बाकावरून सूचना आली, “बाई, वडा पण लिवा. त्यो पण हितलाच हाय.”

चौथीला उषवदाताचं गणित फळ्यावर घातलं. व्याज अजून शिकवलेलं नाही, म्हणून ‘दर शंभराला एक’ असं सांगितलं. दोघांना आलं. बाकीच्यांनी बोटं मोजली, मग त्यांनाही आलं. दोनशे चाळीस, बारा, वीस. मी विजयी मुद्रेने खडू खाली ठेवला, तेवढ्यात वाडीतल्या त्याच पोराने हात वर केला.

“बाई, पावसाळ्याचं राहत्यात ना ते? मग वढ्याला पानी आल्यामुळं एकविसावा अडाकला तर?”

गुरुवारी शाळा व्यवस्थापन समितीची सभा आहे. विषय एक : मेमरी कार्ड, बॅटरी व दिवा यांसाठी कायम ठेव. विषय दोन : एकविसावा.